छत्तिसाचा आकडा

दिवाळीची साफसफाई नसती तर महाराष्ट्रातल्या निम्म्या कॅमेऱ्यांना पुनर्जन्म मिळाला नसता. माळ्यावरच्या घंगाळात, बिनझाकणाच्या कुकरशेजारी, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्याखाली एक चामड्याची पेटी सापडते. तिचं बटण ओढलं की आधी बटण हातात येतं आणि मग कॅमेरा. पुढचा क्रम ठरलेला आहे. शिडीवरची मुलगी ‘वॉव’ म्हणते. आई ‘आधी फडकं घे’ म्हणते. आणि पंखा पुसायला तीनदा हाक मारूनही ज्यांना ऐकू आलं नव्हतं ते वडील तिसऱ्या खोलीतून अचूक ऐकून धावत येतात : ‘अगं हळू! यशिका आहे तो माझा!’

पेटीतून कोणता कॅमेरा निघाला यावरून त्या घराचा आर्थिक इतिहास सांगता येतो. ‘आग्फा क्लिक थ्री’ निघाला तर घर साठ-सत्तरच्या दशकांत खाऊनपिऊन सुखी होतं. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा हा काळा डबा १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढायचा. ऊन आहे की ढग, एवढंच माणसाने ठरवायचं. बाकी अक्कल चालवायची सोयच नव्हती, त्यामुळे फोटो चांगले यायचे. ऐंशीच्या दशकातला ‘हॉट शॉट’ निघाला तर घरात टीव्ही आला होता, कारण ‘खटॅक!’ एवढ्या एका आवाजावर तो देशभर विकला गेला. अंगचाच फ्लॅश असलेला यशिका एमएफ-टू म्हणजे सरकारी नोकरी, एलटीसी आणि उटी-म्हैसूर. कॅनन किंवा निकॉन निघाला तर नक्की कोणी तरी मामा आखातात होता. आणि नव्वदच्या दशकाअखेरचा कोडॅक केबी-टेन निघाला तर काहीच सांगता येत नाही. तो सगळ्यांकडेच होता.

खरी खळबळ उडते ती कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत २३ हा आकडा दिसल्यावर. म्हणजे आत रोल आहे. तेवीस फोटो काढून झालेत आणि उरलेले तेरा कुठल्याशा मंगल प्रसंगासाठी राखून ठेवले होते. तो प्रसंग पुढे डिजिटलवर निघाला.

आत काय असेल यावर घरात परिसंवाद झडतो. आईच्या मते माथेरान. वडिलांच्या मते ऑफिसची लोणावळा सहल, ज्यात साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. आजींना खात्री आहे की वाडा बिल्डरला देण्याआधीचे अंगणाचे फोटो त्यातच असणार. मोठी काकू मात्र गप्प असते आणि जरा वेळाने हळूच विचारते, ‘त्यात तो साखरपुडा तर नाही ना?’ ज्या साखरपुड्यापुढे लग्न झालं नाही, तो. परिसंवाद तिथेच संपतो.

इतक्या वर्षांनी रोल धुऊन काही येतं का? येतं, कधी कधी. सालोमन आंद्रे हा स्वीडिश गृहस्थ दोन सोबत्यांसह १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि बेपत्ता झाला. त्यांचं सामान १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर सापडलं, त्यात फोटो काढलेली पण न धुतलेली फिल्म होती. तेहतीस वर्षांनी ती धुतली आणि तिच्यातून ९३ फोटो वाचले. बर्फावर आडवं पडलेलं ते बलून आज जगाला दिसतं ते त्यामुळे. ही गोष्ट वाचून अनेकांना हुरूप येतो आणि ते रोल घेऊन लॅबकडे धावतात. फक्त आंद्रेचा रोल बर्फात होता, सांगलीत पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हता. फिल्मला थंडी मानवते, उन्हाळा नाही. तीस मे महिने सोसलेल्या रोलवर बहुतेक वेळा करडं धुकं येतं आणि त्या धुक्यात दोन आकृत्या. त्या माथेरानच्या की साखरपुड्याच्या हे ठरत नाही, आणि काकूचा जीव भांड्यात पडतो.

जुन्या दिवसांबद्दल हल्ली फार हळवेपणाने बोलतात, म्हणून थोडी आठवण करून दिलेली बरी. तेव्हा फोटो काढणं हा खर्चाचा मामला होता आणि खर्चाचे मामले कर्त्या पुरुषाच्या हातात असत. त्यामुळे कॅमेऱ्याला इतरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. परिणामी घरोघरच्या अल्बमात सगळे आहेत, फक्त तो कर्ता पुरुष नाही. फार तर एक सावली आहे. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवं, हे त्याला कुणी तरी सांगून ठेवलेलं. म्हणून सगळं कुटुंब सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून, आंबट काही तरी खाल्ल्याच्या चेहऱ्याने उभं आहे आणि पुढ्यातल्या गवतावर एक लांब काळी आकृती पडली आहे. ते बाबा.

रोल पुरवून वापरायचा असे. गौरी-गणपतीत घातलेला रोल संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत चालला पाहिजे. तोवर घरात बारसं निघालं तर दोन फोटो त्याला. पाहुणे आले तर एक, आणि तोही जाताना, चपला घातल्यावर, दारात. फोटोत आत्याचे डोळे मिटलेले आले तर ते कायमचे मिटलेले राहत. पुन्हा काढायचा प्रश्न नव्हता. मग फेब्रुवारीत कधी तरी ‘तीनच राहिलेत, संपवून टाका’ असं फर्मान सुटे आणि तुळशीवृंदावन, नवीकोरी लुना आणि शेजाऱ्यांचा कुत्रा यांना अमरत्व मिळे. गंमत अशी की आज तो अल्बम उघडला की सगळे तिथेच थांबतात. ओळीत उभी राहिलेली माणसं काय, अजूनही ओळीत उभी राहतात. पण लुनामागची ती गल्ली, दुकानाची ती पाटी आणि दोन रुपये तास दराने मिळणारी ती सायकल फक्त रोल संपवायच्या घाईत टिकून राहिली.

लग्नातल्या फोटोग्राफरचा हिशेब आणखी कडक. वधुपित्याने चार रोल सांगितलेले असत आणि वरपक्षाकडे चारशे माणसं. दूरच्या मावसभावाने सहकुटुंब स्टेजवर चढून ‘आमचा एक होऊन जाऊ दे’ म्हटलं की फोटोग्राफर हसून कॅमेरा रोखायचा आणि नुसता फ्लॅश मारायचा. फोटो नाही, फक्त उजेड. मावसभाऊ समाधानाने जेवायला जायचा. अशा उजेडातच मराठी समाजातल्या कित्येक शाखा नोंदीवाचून राहिल्या.

हे छत्तीस फोटो कुठून आले? पस्तीस मिलिमीटरची सिनेमाची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात घालण्याची करामत जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांची. त्यांचा लायका १९२५ मध्ये बाजारात आला. दोन्ही हात पसरून मावेल एवढी फिल्म त्यांनी कापली आणि तिच्यात छत्तीस फोटो बसले, अशी एक आख्यायिका आहे. बार्नाक जरा उंच असते तर अडतीस मिळाले असते, ही हळहळ ज्याला वाटते तो अस्सल मराठी मध्यमवर्गीय. त्याने यावरही उपाय शोधला होता. रोल घालताना सुरुवातीची फिल्म जरा कमी ओढायची, म्हणजे शेवटी सदतिसावा फोटो निघतो. त्यापायी सुरुवातीचा फोटो अर्धवट जळलेला, अर्ध्या चेहऱ्याचा येई, पण खरा फुकटचा तोच असल्यामुळे अल्बमात त्याला पहिल्या पानावर जागा मिळे.

एका प्रसंगात मात्र हा आकडा फार मोठ्या ठिकाणी घुटमळलेला आहे. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरवायला तेवीस सेकंद आणि चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं. एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे हे सॅसन यांच्या हाती होतं. त्यांनी तीस ठरवले, कारण लोकांना २४ आणि ३६ ची सवय होती आणि तीस हा त्यांच्या मधला आकडा. म्हणजे रोलचा बाजार उठवणाऱ्या यंत्रानेही जन्मतः रोलचीच शिस्त पाळली होती. जो धंदा फिल्म विकून चालतो त्याला बिनफिल्मचा कॅमेरा किती आवडेल हे सांगायला नको. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म बनवायची. ती तर डिजिटलची लाट येण्याआधीच, १९९६ मध्ये, आजारी जाहीर झाली. काही बाबतींत आपण जगाच्या पुढे असतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, कॅमेरे माळ्यावर गेले होते, रोलच्या काळ्या डब्या हळदकुंकू, सुपारी आणि सहलीचं मीठ ठेवायला लागल्या होत्या. आणि मग ज्यांनी रोल कधी पाहिलाच नव्हता त्यांना तो हवासा वाटू लागला.

हे फॅड एकट्यादुकट्याचं नाही. कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. पेंटॅक्सने २०२४ मध्ये चक्क नवा फिल्म कॅमेरा काढला. त्यात हाताने फिल्म पुढे सरकवायचा खटका हवा होता, पण तो कसा बनवतात हे कंपनीतल्या तरुण अभियंत्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा निवृत्त झालेल्या जुन्या मंडळींची मदत घेतली गेली. ‘आम्ही होतो तेव्हा’ या वाक्याने सुरू होणारं भाषण कुणी तरी पगारी माणसांनी वही-पेन घेऊन ऐकलं, अशी ही दुर्मीळ घटना. हा कॅमेरा अर्ध्या चौकटीत फोटो काढतो, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर. काटकसरी लोकांना ही कल्पना फार आवडते. बहात्तर फोटो संपवायला दोन गणपती जातात, हे नंतर कळतं.

आता कॅमेरा चालू करायचा तर दुरुस्ती आली. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार अशी ही तीर्थक्षेत्रं. तिथल्या विक्रेत्यांना गिऱ्हाईक पाच पावलांवरून कळतं. तुम्ही कॅमेरा हातात धरलात तर त्याची किंमत एक असते, डोळ्याला लावलात तर दुसरी, आणि ‘माझ्या बाबांकडे हाच होता’ म्हणालात तर तिसरी. ‘चालू आहे का?’ या प्रश्नाला कधीच ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर मिळत नाही. ‘साहेब, शटर ऐका,’ असं उत्तर मिळतं. शटर वाजतं. पावसाळ्यातली मुंबई-कोकणची दमट हवा ज्याला मनापासून मानवली ती बुरशी लेन्सच्या आत जाळं विणून बसलेली असते, झाकणाच्या कडेचा फोम वितळून डांबर झालेला असतो. पण शटर वाजतं.

दुरुस्ती करणारे कारागीर आता थोडे उरलेत आणि जे उरलेत त्यांचा भाव वधारलाय. वीस वर्षं ज्यांनी मोबाइलची काच बदलून दिवस काढले, त्यांच्याकडे आता मुलं दोन-दोन महिन्यांच्या वायद्यावर कॅमेरे ठेवून जातात. कारागीर कॅमेरा उघडतो, आत बघतो, मान हलवतो आणि याआधी ज्याने तो उघडला होता त्याच्या खानदानाविषयी दोन शब्द बोलतो. हा विधी सगळीकडे सारखा आहे.

बॅटरीची कथा तर एकत्र कुटुंबातच शोभेल अशी. जुन्या कॅमेऱ्यांतले प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचे. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या जगभर बंद झाल्या. व्होल्टेजने त्यांच्या सर्वांत जवळची कोणती, तर कानाच्या यंत्रात घालतात ती झिंक-एअर बॅटरी. एक छोटं कडं घातलं की ती कॅमेऱ्यात बसते. त्यामुळे काही घरांत आजोबांना अचानक ऐकू येईनासं झालं तर डॉक्टरांकडे नेण्याआधी नातवाचा कॅमेरा तपासतात.

मग पहिला रोल. हजार रुपयांच्या आसपासचा रोल, वर धुलाई, वर स्कॅनिंग; एक खटका साधारण चाळीस रुपयांना पडतो. हा आकडा डोक्यात पक्का असल्यामुळे पहिला फोटो काढायलाच दोन दिवस लागतात. कसला काढावा? सूर्यास्त? तो उद्याही होणार आहे. मांजर? ती हलली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ या लघुपटासाठी वाटाण्याचं रोप टिपायला महिन्याहून अधिक काळ रोज एक फ्रेम घेतली होती. नवशिक्याचा वेगही जवळपास तेवढाच असतो, फक्त त्याच्यापुढे वाटाणा नसतो. शेवटी एकदाचा खटका दाबला की तो हमखास कॅमेऱ्याची पाठ बघतो. तिथे काळं रेक्झिन असतं. ही सवय बारा-पंधरा फोटोंनंतरच जाते आणि तेवढ्यात आजूबाजूच्या लोकांनी ती तीनदा पाहिलेली असते.

चुकांचे प्रकार ठरलेले आहेत. लेन्सवरचं झाकण काढायचं राहतं. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, त्यामुळे डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं आणि फिल्मला काहीच दिसत नाही. दुसरी चूक अधिक तात्त्विक. रोलचं टोक आतल्या चाकाला नीट अडकलेलंच नसतं. फिल्म जागची हलत नाही आणि माणूस पुढे पुढे जात राहतो. आकडा छत्तीस दाखवतो, मग सदतीस, अडतीस, एक्केचाळीस. बाबांच्या विक्रमापेक्षा चार जास्त झाल्यावर शंका येते. म्हणून जाणकार सांगतात की खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची किल्ली फिरतेय का ते बघावं. जाणकार हे रोल वाया गेल्यावर सांगतात.

प्रकाशाचं गणित त्यामानाने सोपं. भर उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका. म्हणजे २०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. हा नियम बनवणाऱ्या परदेशी मंडळींना ऊन शोधावं लागत असेल. विदर्भ-मराठवाड्यात तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत डोळे झाकून चालतो. उघडे ठेवणं तसंही अवघड असतं.

जे अधिक श्रद्धाळू आहेत ते रोल घरीच धुतात. इथे भूगोल मदतीला येतो. रंगीत फिल्म सी-४१ नावाच्या प्रक्रियेने धुतात आणि तिच्या पहिल्या रसायनाचं तापमान ३७.८ अंश सेल्सिअस लागतं, सव्वातीन मिनिटं, त्यात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. युरोपातले लोक त्यासाठी पाणी गरम ठेवायची यंत्रं विकत घेतात. नागपूरकराने मे महिन्यात बाटली ओट्यावर ठेवली की काम झालं. गार करायला थोडा बर्फ लागतो एवढंच. कृष्णधवल फिल्मला साधारण २० अंश लागतात. तेवढी थंडी पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मिळते, त्यामुळे पुण्यातला कृष्णधवल छायाचित्रकार एरवी फ्रीजवर अवलंबून असतो. ‘ही कसली बाटली? ताकाशेजारी ठेवू नकोस’ हा संवाद या कलेच्या इतिहासात नोंदवला पाहिजे. बाथरूम अडवून बसणं, काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून फिल्म गुंडाळणं आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजणं, हे सगळं त्यात ओघाने आलंच.

या फिल्मवरचा थर कशाचा असतो हे मात्र काही घरांत सांगत नाहीत. तो जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा. सत्यनारायणाच्या पूजेचे फोटोही त्यावरच निघाले. १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांच्या लक्षात आलं की काही जिलेटिनमुळे फिल्म जास्त तेज होते, काहींमुळे मंद. शोध घेतला तेव्हा कारण निघालं गुरांच्या चाऱ्यात. ज्या गुरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्ली त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचे अंश येत आणि त्यामुळे फिल्म प्रकाशाला अधिक जागी होत असे. म्हणजे फोटोला फोडणी मोहरीचीच होती.

रोल धुऊन आला की निकाल. छत्तीसपैकी किती चांगले येतात? पत्रिकेत निदान अठरा गुण जुळले तर लग्न करायला हरकत नाही असं म्हणतात; इथेही तोच निकष लावावा. पहिल्या रोलचे बहुधा सहा जुळतात. पण गिऱ्हाईक खूश असतं, कारण त्याला जे आवडतं ते वेगळंच आहे. कडेने शिरलेला नारिंगी उजेड, हललेले चेहरे, फिकट पडलेले रंग, कोपऱ्यातली तारीख. याच गोष्टींसाठी त्याचे वडील स्टुडिओवाल्याशी हुज्जत घालून वीस रुपये कमी करून घेत. फिल्म न वापरताही हे दोष मिळावेत म्हणून मोबाइलवर ॲप आहेत. ‘हुजी कॅम’ नावाचं ॲप तर आज काढलेल्या फोटोवर १९९८ ची तारीख छापतं. त्या साली जन्मलेली मंडळी आपल्याच बाळपणीचे फोटो स्वतः काढत हिंडताहेत.

प्रवासात या छंदाचे हाल होतात. विमानतळांवर नवी सीटी स्कॅनर यंत्रं येताहेत आणि त्यांच्या किरणांनी न धुतलेली फिल्म खराब होते. तेव्हा रोल पारदर्शक पिशवीत घालून ‘हे हातानं तपासा’ अशी विनंती करावी लागते. समोरचा सुरक्षारक्षक पंचविशीचा असतो. त्याने रोल बघितलेलाच नसतो. ‘ह्यात काय आहे?’ ‘फोटो आहेत.’ ‘दाखवा.’ ‘दाखवता येत नाहीत, उजेड लागला की जातील.’ एवढ्या संवादानंतर त्याला संशय आला नाही तरच नवल. मागे रांगेत एखादे साठीचे काका निघाले तर बरं. ते पुढे येऊन रोल या विषयावर त्या रक्षकाचं सविस्तर प्रबोधन करतात आणि विमानाची शेवटची हाक होते.

आता या छंदातला सगळ्यात विचित्र भाग. एवढी यातायात करून, छत्तीस वेळा चाळीस रुपये मोजून, बाथरूमवरून घरात भांडून काढलेला फोटो शेवटी पाहतात कुठे? मोबाइलवर. लॅब निगेटिव्ह स्कॅन करते, फायली पाठवते, त्या इन्स्टाग्रामवर चढतात आणि कार्य संपन्न होतं. निगेटिव्ह लॅबच्या खोक्यात पडून राहते. गिऱ्हाईक न्यायला येत नाही, काही दिवस वाट बघून लॅब ती टाकून देते. जुन्या पिढीचं नेमकं उलट होतं. तिने कॅमेरा खुशाल माळ्यावर भिरकावला, पण निगेटिव्ह जपल्या. विम्याचे कागद, घराचं खरेदीखत आणि निगेटिव्ह, हे गोदरेजच्या कपाटात एकाच पिशवीत असत. कारण ‘निगेटिव्ह दे गं, कॉपी काढून परत देते’ असं म्हणणाऱ्या वन्संनी एकदा नेलेली पट्टी आजतागायत परत केलेली नाही, हे घरातल्या बाईला तारखेनिशी पाठ असे.

शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईने आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. भाडं थकल्यामुळे तिचं सामान २००७ मध्ये लिलावात गेलं, तेव्हा खोक्यांतून निगेटिव्हांचे ढीग निघाले, न धुतलेले रोलही निघाले. एकूण लाखाच्या वर फोटो. २००९ मध्ये ती गेली आणि त्यानंतर तिची गणना विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांत होऊ लागली. तिने बहुतेक फोटो छापले नव्हते, प्रसिद्ध केले नव्हते, पण निगेटिव्ह टाकल्या नव्हत्या. कोडॅकची कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. छत्तीस फोटोंसाठी ते न्यूयॉर्कहून मुंबईपर्यंत आले, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांचेही फोटो त्यावर काढले, आणि तो रोल धुवायला स्वतः कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या छोट्या गावी गेले. एका रोलसाठी माणूस एवढा फिरतो. आपल्याला फक्त गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं असतं.

तेव्हा ज्यांनी पुन्हा रोल घातला आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. लॅबवाल्याचा फोन आला की जा आणि निगेटिव्ह घेऊन या. फाइल मोबाइलबरोबर जाते, ॲपबरोबर जाते, पासवर्ड विसरला की जाते. निगेटिव्ह पुन्हा कधीही छापता येते, पुन्हा स्कॅन करता येते. पाकिटावर साल, गाव आणि माणसांची नावं लिहा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि कोरड्या जागी ठेवा. आणि कुणा नातेवाइकांनी ‘कॉपी काढून परत देते’ म्हणून ती मागितली, तर स्कॅन पाठवा. निगेटिव्ह देऊ नका.